फ्रांचाकोर्ता : एका गढूळ वाईनपासून सुरू झालेली गोष्ट

(नाशिकमधे वाईनप्रेमी आणि द्राक्ष बागायतदारांच्या एका छोट्या गटासमोर दिलेलं व्याख्यान, थोडं काटछाट करून)

नमस्कार. समोर निम्मे लोक बागवाले आहेत, त्यामुळे द्राक्षाबद्दल मी काही चुकीचं बोलले तर तिथंच थांबवा, शेवटपर्यंत वाट बघू नका.

आज ज्या भागाबद्दल बोलायचंय त्याचं नाव फ्रांचाकोर्ता. इटलीच्या उत्तरेला लोंबार्दी, त्यात ब्रेशिया शहर, आणि ब्रेशियाच्या वायव्येला इझेओ नावाचं सरोवर आहे, या दोघांच्या मधे ज्या टेकड्या आहेत तो हा भाग. टेकड्या म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखं काही डोळ्यापुढे आणू नका, अगदी बुटक्या, गोलसर. हिमयुगात वरून हिमनदी आली, तिनं पुढ्यात दगड, वाळू, माती असं सगळं ढकलत आणलं आणि मग ती वितळून मागे गेली, हा सगळा कचरा तिथंच अर्धगोलाकार पडून राहिला, त्याच या टेकड्या. त्यामुळे एकाच गावात या बागेत गोटे नि खडे, पलीकडच्या बागेत चिकणमाती. दक्षिणेला मोंते ओर्फानो म्हणून एक डोंगर आहे, ओर्फानो म्हणजे अनाथ, सपाटीत एकटाच उभा आहे म्हणून. सरोवरामुळे थंडी फार बोचत नाही आणि उन्हाळ्यात वारा खेळता राहतो.

आणि हे नाव कुठून आलं, तर मध्ययुगात तिथल्या मठांच्या जमिनींना कर माफ होता, लॅटिनमधे ‘कुर्तेस फ्रांके’, म्हणजे आपल्याकडच्या इनाम जमिनी म्हणा हवं तर. १२७७ च्या कागदपत्रात ‘फ्रांझाकुर्ता’ असं नाव सापडतं. फ्रान्सशी याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगते कारण पुढे फ्रान्स सारखा सारखा येणारे.

मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा ब्रेशियामधल्या एका बारमधे मोठ्या ऐटीत ‘एक ग्लास स्पुमांते द्या’ असं म्हटलं. स्पुमांते म्हणजे फेसाळ वाईन, पुस्तकात वाचलेला शब्द, वापरून टाकला. वेटरनं ग्लास ठेवला आणि शांतपणे म्हणाला, स्पुमांते नाही, फ्रांचाकोर्ता. मला वाटलं नाव सांगतोय. नंतर कळलं की तो दुरुस्ती करत होता! तिथं जागेचं नाव फ्रांचाकोर्ता, वाईनचं नाव फ्रांचाकोर्ता, आणि करायच्या पद्धतीचं नावही तेच.

आता तिथले लोक तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगतील, की आमच्याकडे १५७० मधे जिरोलामो कॉन्फोर्ती नावाच्या ब्रेशियाच्या वैद्यानं चावऱ्या वाईनवर, म्हणजे जिभेला झोंबणाऱ्या वाईनवर, पुस्तक लिहिलं, म्हणजे आम्ही दोम पेरिन्योंच्या, शाम्पेनशी ज्यांचं नाव जोडतात त्या फ्रेंच साधूंच्या, शंभर वर्षं आधीचे. पुस्तक खरं आहे. पण त्यावरून आजच्या वाईनचं वय काढणं म्हणजे माझ्या मते ताणणं झालं. थंड प्रदेशात वाईन हिवाळ्यात आंबायची थांबते आणि वसंतात परत आंबायला लागते, असा फेस कुठंही येऊ शकतो.

खरी गोष्ट सुरू होते १९५५ च्या सुमाराला, आणि ती मला जास्त आवडते. बोर्गोनातो गावात ग्विदो बेर्लुक्की नावाचे एक खानदानी गृहस्थ राहायचे, घरची पांढरी वाईन करायचे, पण बाटलीत भरली की ती गढूळ व्हायची. हा त्रास इथं किती जणांना माहितीये? हां, बघा, हात वर आले. तर त्यांनी एका तरुण वाईनतज्ज्ञाला बोलावलं, फ्रांको झिलियानी, वय पंचविशीच्या आसपास. त्यानं गढूळपणावर उपाय सांगितला आणि जाता जाता उलट विचारलं की आपण फ्रेंचांसारखी फेसाळ वाईन करून बघायची का? तोपर्यंत त्या भागाला कोणी ओळखत नव्हतं. पुढची काही वर्षं प्रयोग फसत गेले, बाटल्या फुटल्या, आणि १९६१ च्या द्राक्षांपासून ३००० बाटल्या जमल्या. ‘पिनो दी फ्रांचाकोर्ता’. म्हणजे ही परंपरा आपल्या आजोबांच्या नाही, आपल्या वडिलांच्या काळातली आहे.

त्यानंतर पैसा आला, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे कारण टेकडीवरचा गरीब शेतकरी वगैरे असं चित्र इथं नाहीये. झानेल्ला कुटुंबातल्या बाईंनी १९६४ ला एर्बुस्कोत रानातलं एक घर घेतलं, तिथल्या बोलीत का देल बोस्क, रानातलं घर. मुलगा माउरित्सिओ फ्रान्सचा शाम्पेन भाग बघून आला आणि वेडाच झाला, तीच आजची का देल बोस्को वायनरी. वित्तोरिओ मोरेत्ती हा बांधकामातला माणूस, त्यानं १९७७ मधे बेल्लाविस्ता काढली. मिलान नि ब्रेशियाच्या उद्योगधंद्यांचा पैसा या बागांमधे मुरलाय. १९६७ ला डीओसी, म्हणजे ठरलेल्या भागाच्या वाईनला मिळणारा सरकारी दर्जा, मिळाला, १९९० ला उत्पादकांचा संघ झाला, त्यांनी स्वतःवरच कडक नियम लादून घेतले, आणि १९९५ ला डीओसीजी, इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा. पस्तीस वर्षात.

आता पद्धत. ही जरा नीट ऐका, कारण पैसे याचेच जातात.

ऑगस्टमधे काढणी, सगळी हातानं, छोट्या क्रेटमधे, मणी फुटता कामा नये. आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च, त्यांच्याकडे ऑगस्ट. रस अगदी हलक्या दाबानं काढायचा, त्याची आधी साधी वाईन होते, पातळ नि आंबट, प्यायला काही खास नाही. मग वेगवेगळ्या बागांच्या अशा वाईन एकत्र मिसळतात, हा मिसळणारा माणूस म्हणजे खरा कलाकार. १ फेब्रुवारीच्या आधी बाटलीत भरायची परवानगीच नाही. भरताना त्यात साखर नि यीस्ट घालायचं, लिटरला साधारण चोवीस ग्रॅम साखर, आणि सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं झाकण ठोकायचं. झालं, यीस्ट साखर खातं, गॅस सोडतं, आणि गॅसला बाहेर जायला वाट नाही, तो वाईनमधेच विरघळतो. आत सहा ॲटमॉस्फिअरपर्यंत दाब होतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या टायरच्या अडीचपट वगैरे. पहिल्या बाटल्या का फुटल्या कळलं ना.

साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. आणि इथून पुढे खरं काम सुरू होतं, जे कोणीच करत नाही, म्हणजे बाटली आडवी पडून राहते आणि तो मेलेला गाळ हळूहळू वाईनमधे उतरत जातो. भाजलेल्या पावाचा, बदामाचा, कधी कधी मला तर थेट नानकटाईचा वास येतो तो या गाळाचा असतो. किती दिवस ठेवायचं याचा नियम आहे. साध्या फ्रांचाकोर्ताला कमीत कमी १८ महिने, सातेन (तिच्याबद्दल पुढे सांगते) आणि गुलाबी रोझेला २४, एका सालच्या मिलेझिमातोला ३०, आणि रिझेर्वाला ६०, पाच वर्षं! साध्या शाम्पेनला बाटलीत एकूण १५ महिने पुरतात. प्रोसेको, इटलीचीच दुसरी फेसाळ वाईन, तर वेगळाच मामला, तिथं हे सगळं मोठ्या स्टीलच्या टाकीत काही आठवड्यांत उरकतात. मी प्रोसेकोला नावं ठेवत नाहीये, संध्याकाळी गप्पा मारत प्यायला छान आहे, पण दोन्ही एकाच फळीवर ठेवून ‘ही महाग का’ असं विचारू नका.

शेवटी बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करतात, गाळ मानेशी येतो, मान गोठवतात, झाकण उडवलं की बर्फाच्या गोळीबरोबर गाळ बाहेर. याला स्बोक्कातुरा म्हणतात. मग थोडी साखर मिसळलेली वाईन वरून भरायची, बूच लावायचं, तार बांधायची.

हीच पद्धत आपल्याकडेही आहे. नारायणगावला ऐंशीच्या दशकात झालं, आता सुला करते, दिंडोरीत शांदों करते. म्हणजे इथं बसून हे ऐकणं अगदीच परकं नाही.

सातेनबद्दल थोडं, कारण हे फक्त त्यांचंच आहे. फक्त पांढरी द्राक्षं, शार्दोने नि पिनो बियांको, आणि दाब पाचच्या आत, साखरच कमी घालतात म्हणून. सेता म्हणजे रेशीम, त्यावरून नाव. बुडबुडे जिभेला टोचत नाहीत, साय लागल्यासारखं वाटतं. ज्यांना फेसाळ वाईन आवडत नाही असं वाटतं त्यांनी आधी ही प्यावी.

लेबल वाचताना एकच फसवी जागा आहे. ‘दोझाज्जो झेरो’ म्हणजे साखर लिटरला तीन ग्रॅमच्या आत, ‘एक्स्ट्रा ब्रुत’ सहापर्यंत, ‘ब्रुत’ बारापर्यंत, आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ या सगळ्यांपेक्षा गोड! नावात ड्राय आणि आत बारा ते सतरा ग्रॅम. आणि मागच्या बाजूला स्बोक्कातुराची तारीख असेल तर ती बघा, ती वर्ष-दीड वर्षापूर्वीची असेल तर उत्तम, पाच वर्षांपूर्वीची आणि दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर सोडून द्या. फ्लूट म्हणतात त्या अरुंद, उभ्या ग्लासात ओतू नका, जरा पोट असलेला ग्लास घ्या, नाहीतर दोन वर्षं गाळावर झोपवून कमावलेला वास नाकापर्यंत येणारच नाही.

मिळेल कुठं? हाच प्रॉब्लेम आहे. शाम्पेनच्या वर्षाला तीस कोटींच्या आसपास बाटल्या, यांच्या दोन कोटींच्या आसपास, आणि त्यातल्या दहातल्या जवळपास नऊ इटलीतच संपतात.

एक प्रश्न आलाय, बरोबर बागवाल्यांकडूनच, की ऑगस्टमधे एवढ्या उन्हात काढणी तर आंबटपणा टिकतो कसा? टिकत नाहीये, तेच तर आहे. उन्हाळे तापत चाललेत, गोडी लवकर भरते आणि ॲसिड पडतं, आणि आंबटपणा नसेल तर फेसाळ वाईनला कणाच राहत नाही. म्हणून त्यांनी एर्बामात नावाची एक जुनी स्थानिक जात बाहेर काढली, सोळाव्या शतकात तिथल्या शेतीतज्ज्ञानं, आगोस्तिनो गाल्लोनं, जिची नोंद केलीये ती. शार्दोनेच्या चारेक आठवडे नंतर पिकते, पिकली तरी आंबट, एकटी प्यायली तर तोंड वाकडं होईल. २०१७ पासून दहा टक्क्यांपर्यंत मिसळायला परवानगी आहे. शेकडो वर्षं नकोशी झालेली जात, तिच्या ज्या खोडीमुळे टाकली होती त्याच खोडीसाठी परत लावतायत.

काय म्हणालात? नाही हो काका, एर्बामातची काडी खिशात घालून नाही आणता येत, क्वारंटाइन असतं. आणि तुमच्या ऑक्टोबर छाटणीनंतर ती कधी पिकेल हे एर्बामातलाही माहीत नसेल. चला, बाटल्या गार झाल्यात, आधी सातेन उघडते.