पित्ताची वाट

(दृश्य : छातीवरच्या पोर्टला जोडलेली नळी, कमरेच्या पिशवीत पंप)

हातात मावेल एवढा पंप. आत फुगा, फुग्यात फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध. पुढचे ४६ तास फुगा आकसत जाईल आणि औषध पोर्टमधून, म्हणजे कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, रक्तात उतरत राहील. त्याआधी ऑक्सॅलिप्लॅटिन दोन तास, इरिनोटेकान दीड तास, सोबत ल्युकोव्होरिन. या चार औषधांचा संच म्हणजे फॉल्फिरिनॉक्स, दर १४ दिवसांनी. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये या औषधांनी मध्यक आयुर्मान ६.८ वरून ११.१ महिन्यांवर नेलं, असं २०११ साली फ्रान्समधल्या चाचणीत दिसलं. पण त्या चाचणीत प्रवेशाची एक अट होती : बिलिरुबिन, म्हणजे रक्तात वाढलं की कावीळ दिसते ते पिवळं द्रव्य, सामान्य कमाल मर्यादेच्या दीडपटीच्या आत.

(दृश्य : रक्ताच्या दोन नळ्या, एकीतला सीरम गर्द पिवळा)

ही अट का, ते या नळीत दिसतं. इरिनोटेकानपासून तयार होणारं जहाल रूप यकृतातलं जे एन्झाइम निष्प्रभ करतं, तेच बिलिरुबिनही हाताळतं. दोघांची बाहेर पडायची मुख्य वाट एकच, पित्त. ती तुंबली की औषध अंगात रेंगाळतं. पांढऱ्या पेशी कोसळतात, जुलाब आवरत नाहीत.

(दृश्य : एंडोस्कोपीचा पडदा, जुना स्टेंट बाहेर ओढला जातो)

नीट बघा. स्वादुपिंडाची गाठ पित्तनलिका दाबते; ती उघडी ठेवायला आत बसवतात तो हा स्टेंट. जेमतेम तीन मिलिमीटरची प्लास्टिकची नळी, आत तपकिरी गाळ. आतल्या भिंतीवर जिवाणूंचा थर बसतो, त्यावर पित्ताचा चिकटा साचतो आणि साधारण तीन महिन्यांत नळी बुजते. धातूची जाळी सेंटिमीटरभर उघडते, जास्त टिकते; मात्र आवरण नसेल तर गाठ जाळीच्या भोकांतून आत वाढते.

म्हणून कावीळ दिसली की लगेच केमोवर खापर फोडू नये. आधी सोनोग्राफी. रक्तात बिलिरुबिनसोबत अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी ही एन्झाइम्स चढली असतील, तर संशय पित्ताच्या तुंबलेल्या वाटेवर. एसजीपीटी, एसजीओटी ही एन्झाइम्स जास्त वाढली असतील, तर यकृताच्या पेशींना झालेल्या इजेवर. अर्थात गाठी यकृतात पसरल्या असतील, तर हा हिशेब चुकतो.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचा काप)

हे पांढरे गोल म्हणजे चरबी. फाइव्ह-एफयू आणि इरिनोटेकानने ती साठते. स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं कमी पडली तरी साठते. ऑक्सॅलिप्लॅटिनचा मारा वेगळा : यकृतातल्या बारीक रक्तवाटांचं अस्तर सुटतं, प्लीहा वाढते, प्लेटलेट उतरतात. हिपॅटायटिस बी दबून असेल तर केमोत तो उसळू शकतो, म्हणून पहिल्या सायकलआधीच एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या त्याच्या रक्तचाचण्या.

(दृश्य : थर्मामीटर, ३८.४ अंश सेल्सियस)

स्टेंट असताना थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच वेळी रुग्णालय, रक्ताचं कल्चर (जिवाणू शोधायची तपासणी), अँटिबायोटिक. उशीर झाला तर सेप्सिस, म्हणजे संसर्गाने अंगभर होणारा जीवघेणा बिघाड.

(दृश्य : नवा स्टेंट, काळपट पित्ताची धार)

वाट मोकळी झाली. बिलिरुबिन उतरायला मात्र काही आठवडे जातात. तोवर इरिनोटेकान थांबलेलं.