मिऱ्यांच्या गोणी आणि चिखलातले खांब : अॅमस्टरडॅममधील एक दिवस

श्रोतेहो, नमस्कार. अॅमस्टरडॅमला गेलेला प्रवासी सेंट्रल स्टेशनाबाहेर येतो आणि समोर दिसणाऱ्या पहिल्याच होडीत जाऊन बसतो. माझी विनंती अशी, की होडी संध्याकाळसाठी ठेवावी आणि आधी पायी हिंडावे. कारण या शहरात पाहण्यासारखे बरेचसे आपल्या डोक्याच्या वर आहे आणि त्याहून महत्त्वाचे जमिनीच्या खाली. फक्त मान वर करून उभे राहताना पायाखाली तांबूस रंगाचा पट्टा नाही ना, एवढे पाहावे. तो सायकलींचा रस्ता असतो आणि तिथले सायकलस्वार वेग कमी करत नाहीत.

जुन्या शहराभोवती अर्धवर्तुळात फिरणारे हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे खणण्याचे काम 1613 साली सुरू झाले. ग्राख्त म्हणजे कालवा. पहिला महाजनांचा, दुसरा सम्राटाचा, तिसरा राजपुत्राचा. 2010 साली हा सारा परिसर जागतिक वारसा ठरला. काठावरची बहुतेक घरे अरुंद आणि मागे लांबवर गेलेली आहेत, आणि त्यांचे जिने शिडीसारखे उभे आहेत. अशा जिन्यावरून कपाट किंवा मिऱ्यांची गोणी वर नेणार कशी? म्हणून बहुतेक घरांच्या माथ्याशी एक तुळई पुढे काढलेली असते आणि तिच्या टोकाला लोखंडी आकडा असतो. व्यापारी खालच्या मजल्यांवर राहत आणि पोटमाळ्यावर माल साठवत. तो माल दोर आणि कप्पी लावून खिडकीतून आत घेतला जाई. वर चढणारी गोणी भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक घरांची दर्शनी भिंत मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकती बांधलेली आहे. आजही घर बदलणाऱ्यांचे सामान अनेकदा बाहेरूनच वर चढते.

काही घरे मात्र पुढे नव्हे, तर शेजारच्या घरावर कललेली दिसतील. त्याचे कारण जमिनीखाली आहे. इथली माती म्हणजे भुसभुशीत चिखल, आणि घट्ट वाळूचा पहिला थर सुमारे बारा मीटर खोल. तिथवर लाकडी खांब ठोकून त्यांच्यावर घरे उभी केली. लाकूड पाण्यात पूर्ण बुडालेले असले की शतकानुशतके टिकते. भूजलाची पातळी खाली गेली आणि त्याला हवा लागली की बुरशी धरते, खांब कुजतो आणि घर कलते.

डाम चौकातला राजवाडा अशा 13,659 खांबांवर उभा आहे. याकोब फान काम्पेन यांनी आखलेली ही वास्तू 1655 साली नगरभवन म्हणून सुरू झाली. तिच्या मोठ्या दालनात संगमरवरी फरशीवर जगाचे नकाशे कोरले आहेत, म्हणजे नागरिकांनी पृथ्वीवरून चालावे अशी सोय. व्यापाराच्या त्या भरभराटीतला तोरा इथे जितका दिसतो, तितका दुसरीकडे दिसत नाही. रेम्ब्रांटचे 1642 सालचे ‘नाइट वॉच’ हे चित्र 1715 साली याच इमारतीत आणले गेले आणि नेमलेल्या भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी चक्क कापले गेले. आज ते राइक्सम्युझियममध्ये आहे. त्याच संग्रहालयात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्यात काढलेल्या लघुचित्रांचा एक संग्रह असून त्यात शिवाजी महाराजांचे चित्र आहे. कागदावरची चित्रे फार काळ उजेडात ठेवत नाहीत, त्यामुळे ते दालनात मांडलेले असेलच असे नाही. वेंगुर्ल्याची डच वखार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दोन किनाऱ्यांमधला धागा निराळा सांगायला नको. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचीच ती वखार.

प्रिन्सेनग्राख्तवरच्या 263 क्रमांकाच्या घराचे तिकीट दारात मिळत नाही. सुमारे सहा आठवडे आधी संकेतस्थळावरून वेळ ठरवून ते घ्यावे लागते. पुस्तकांच्या कपाटामागे दडवलेल्या दारातून आपण आत जातो. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून वाचण्यासाठी, पुढे जिची रोजनिशी जगभर वाचली गेली ती ज्यू मुलगी अॅन फ्रँक आणि तिच्या बहिणीसह आणखी सात माणसे इथे दोन वर्षांहून अधिक काळ लपून राहिली. खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. भिंतीवर दोघी बहिणींची उंची मोजलेल्या पेन्सिलीच्या रेघा आहेत. लपलेल्या घरातही मुली वाढत होत्या, हे त्या रेघांपुढे उभे राहिल्यावर कळते. इथून लगेच दुसरे काही पाहायला जाऊ नये, असे माझे मत.

शेवटी वाटरलोप्लेनजवळच्या आजच्या नगरभवनात जावे. प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीत. तिथे पाण्याने भरलेले तीन काचेचे स्तंभ आहेत. दोन स्तंभांत उत्तर समुद्राकाठच्या आयमाउडन आणि फ्लिसिंगन या ठिकाणची त्या क्षणाची भरती-ओहोटी दिसते. तिसरा आपल्या डोक्याच्या बराच वर, साडेचार मीटरपर्यंत जातो. 1953 सालच्या महापुरात पाणी तिथवर चढले होते आणि नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे दगावली. जवळच एका खांबावर पितळी खूण आहे. देशातली सारी उंची ज्या शून्यापासून मोजतात, ते हे शून्य. आपले विमान ज्या शिफोल विमानतळावर उतरले, तो या खुणेच्या तीनेक मीटर खाली आहे. बाहेर पडलात की समोर आम्स्टेल नदी लागते. आता होडीत बसायला हरकत नाही.