लेबनीज आणि कंबोडियन : अमेरिकेतल्या दोन वस्त्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दोन मध्यम आकाराच्या शहरांना नवे महापौर मिळाले. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला अब्दुल्ला हम्मूद, लेबनॉनहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला सोखारी चाउ, लहानपणी निर्वासित म्हणून आलेले आणि अमेरिकेतल्या शहराचे पहिले कंबोडियन वंशाचे महापौर. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या तर वाटेल, हे दोन्ही समाज हातात हात घालून एकाच पायरीवर पोहोचले. तसं नाही. हम्मूद यांना शहरातल्या मतदारांनी थेट निवडून दिलं. लोवेलमध्ये महापौर नगरसेवकच आपल्यातून निवडतात. शिवाय तिथं २०१७ साली आशियाई आणि हिस्पॅनिक रहिवाशांना मतदानाच्या पद्धतीविरुद्ध कोर्टात जावं लागलं होतं. सगळं शहर म्हणजे एकच मतदारसंघ, त्यामुळे कंबोडियन वस्ती दाट असूनही तिची मतं शहरभरच्या मतांत बुडून जायची. पुढे तडजोड झाली, प्रभाग पडले आणि २०२१ ची निवडणूक त्या प्रभागांवर झाली.

आता पैशाचं बोलू. २००० सालची अमेरिकी जनगणना घेतो, कारण त्या वेळी दोन्ही समाजांचे तपशीलवार अहवाल निघाले होते. त्यात देशातल्या कुटुंबांचं मध्यक उत्पन्न वर्षाला सुमारे ५०,००० डॉलर होतं. मध्यक म्हणजे सगळी कुटुंबं उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभी केली तर बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचं उत्पन्न. लेबनीज कुटुंबांचं मध्यक उत्पन्न ६०,७०० च्या आसपास, कंबोडियन कुटुंबांचं ३५,६००. देशात शंभरातले १२ जण गरिबीरेषेखाली, कंबोडियनांमध्ये २९. पंचविशी ओलांडलेल्या कंबोडियनांपैकी निम्म्याहून अधिक जणांची शाळाच पुरी झालेली नव्हती आणि पदवीधर होते शंभरात ९.

एवढे आकडे हातात आले की पुष्कळजण निकाल लावून मोकळे होतात: लेबनीज हाडाचे व्यापारी, कंबोडियन बिचारे शेतकरी. हा निकाल चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे पाहायला जनगणनेचा फॉर्मच उघडावा लागेल.

फॉर्ममध्ये कंबोडियन माणूस वंशाच्या प्रश्नात सापडतो. तिथं आशियाई गटाखाली त्याला आपला देश नोंदवता येतो. लेबनीज माणूस त्या प्रश्नात सापडतच नाही, कारण तेव्हाच्या सरकारी व्याख्येत तो गोरा. त्याला शोधायचं तर पूर्वजांविषयीच्या वेगळ्या प्रश्नात जावं लागतं, आणि तिथं लोक मनाला येईल ते लिहितात. ज्याचे पणजोबा १९०५ मध्ये बैरूतहून बोटीत बसले, ज्याला अरबी भाषेचा गंध नाही, असा ओहायोतला वकीलही तिथं ‘लेबनीज’ लिहितो आणि सरासरीत येऊन बसतो. त्या वर्षी मोजलेले बहुसंख्य लेबनीज अमेरिकेतच जन्मलेले होते. कंबोडियनांमध्ये शंभरातले ६५ च्या वर लोक कंबोडियात किंवा थायलंडच्या छावण्यांत, म्हणजे परदेशात जन्मलेले. म्हणजे एका पारड्यात नातू-पणतू आणि दुसऱ्या पारड्यात स्वतः बोचकं घेऊन उतरलेला माणूस, अशी ही तुलना.

दुसरी गफलत कंबोडियनांच्या बाजूची. कंबोडियातून आलेल्यांमध्ये चिनी वंशाची व्यापारी कुटुंबंही होती. त्यातली काही फॉर्मवर ‘चिनी’ लिहितात. ती बरी कमावणारी असली, तर त्यांची कमाई चिन्यांच्या खात्यात जमा होते आणि कंबोडियनांची सरासरी आहे त्याहून खाली दिसते.

तिसरी गोष्ट घरातल्या डोक्यांची. समजा, दोन घरांत वर्षाला ७०,००० डॉलर येतात. एका घरात नवराबायको दोघंच, तर माणशी ३५,०००. दुसऱ्या घरात आजी, आईवडील आणि दोन मुलं, तर माणशी १४,०००. तक्त्यात दोन्ही घरं सारखीच दिसतील. आणि पहिल्या घरात एकाच माणसानं आठ तास काम करून ते मिळवलेले असतील, दुसऱ्यात तिघांनी मिळून तीस तास खपून. म्हणून अशी तुलना करताना आधी फक्त परदेशात जन्मलेले वेगळे काढावेत, मग ते कोणत्या दशकात आले ते पाहावं, मग माणशी उत्पन्न काढावं आणि घरात कमावते किती ते शेजारी लिहावं. एवढं केलं की तुलना बरोबरीची होते. दोन समाजांमधली दरी मात्र पुसली जात नाही, आणि तिचं कारण इतिहासात आहे.

लेबनीजांची पहिली लाट १८८० नंतर निघाली. तेव्हा लेबनॉन हा वेगळा देश नव्हता. ओटोमन साम्राज्यातला डोंगराळ मुलूख, तिथले लोक रेशमाचे किडे पाळून कोष विकायचे. सुएझ कालव्यातून चीन-जपानचं स्वस्त रेशीम फ्रान्सच्या गिरण्यांत पोहोचू लागलं आणि डोंगरातला भाव बसला. तरुण पोरं बोटीनं न्यूयॉर्कला उतरली. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांची वस्ती झाली, तिला लोक ‘लिटल सीरिया’ म्हणत, कारण लेबनॉनच्या त्या मुलखालाही तेव्हा सीरियाच म्हणत. तिथला जुना दुकानदार नव्या पोराला उधारीवर माल द्यायचा. एका पेटीत सुया, दोरे, बटणं, रिबिनी, लेस आणि येशूच्या भूमीतून आणलेल्या जपमाळा. पेटी पाठीला बांधायची आणि खेड्यापाड्यांतून दारोदार फिरायचं. बायकाही फिरत, आणि त्यांचा धंदा पुष्कळदा जास्त होई. आपल्याकडे कासारणीला थेट माजघरात प्रवेश असे ना, तसंच. शेतावरची बाई अनोळखी पुरुषाला दार उघडणार नाही, बाईला उघडते. काही वर्षांनी पेटीची घोडागाडी होई, घोडागाडीचं किराणा दुकान, आणि दुकानदाराची मुलं कॉलेजात.

या चढणीला कायद्याचा हातभार होता. नागरिकत्व त्या काळी ‘गोऱ्यांना’च सहज मिळे. जॉर्ज डाउ नावाच्या सीरियन स्थलांतरिताला ते नाकारलं गेलं, तेव्हा तो वर अपिलात गेला आणि १९१५ साली जिंकला. या निकालानं सीरियन-लेबनीज माणूस कागदावर गोरा ठरला. मत, जमीन, दुकान, सगळ्याची दारं उघडली. १९२४ च्या कायद्यानं नव्या लोकांची आवक जवळजवळ बंद पडली, त्यामुळे आधी आलेल्यांना स्थिरावायला चाळीस वर्षं निवांत मिळाली.

कंबोडियनांना यातलं काहीच लाभलं नाही. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि शहर रिकामं केलं. जानेवारी १९७९ पर्यंत पंधरा ते वीस लाख माणसं भूक, आजार, बेदम मेहनत आणि कत्तल यांत गेली. शिक्षक, डॉक्टर, अधिकारी वेचून मारले. म्हणजे परक्या देशात समाजाला वाट दाखवतो, अर्ज लिहून देतो, शाळेत जाऊन बोलतो, तो थरच कापला गेला. सीमा ओलांडून थायलंडच्या खाओ-इ-डांगसारख्या छावण्यांत जे पोहोचले, त्यात खेड्यातले शेतकरी आणि विधवा फार. त्यातले सुमारे दीड लाख लोक पुढच्या पंधरा वर्षांत अमेरिकेत आले. पुष्कळजण कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहरात जमले. तिथंच एवढी गर्दी का? कारण तिथल्या विद्यापीठात १९५० आणि ६० च्या दशकांत काही कंबोडियन विद्यार्थी शिकून गेले होते, काही राहिले होते. ओळखीच्या एका माणसाच्या आधारानं गाव वसतं, ते असं. लोवेलला ओढलं ते संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी, जिथं सुटे भाग जोडायला इंग्रजी लागत नव्हतं. १९९२ मध्ये तिथल्या वँग कंपनीचं दिवाळं निघालं आणि आधीच डळमळीत झालेल्या त्या कामाचा आधार तुटला. १९९० च्या जनगणनेत देशभरातले ४२ टक्क्यांहून जास्त कंबोडियन गरिबीरेषेखाली होते.

कॅलिफोर्नियात त्यांनी धंदा धरला तो डोनटचा. टेड नॉय नावाचे गृहस्थ १९७५ मध्ये निर्वासित म्हणून आले, एका साखळी दुकानात डोनट करायला शिकले, स्वतःचं दुकान घेतलं आणि मग मागून येणाऱ्या कुटुंबांना दुकानं चालवायला देत गेले. हाच धंदा का? मैदा, साखर, तेल, यीस्ट, सगळं स्वस्त. गिऱ्हाइकाशी बोलायला पन्नास इंग्रजी शब्द पुरतात. बाकी सगळी मेहनत घरची.

रात्री एक-दोनला पीठ मळायला घ्यायचं. पीठ विसावलं की लाटून गोल कापायचे, आणि मग उबदार, दमट कपाटात अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचे. खरी परीक्षा इथं. जास्त फुगले तर तेलात पडताच फुस्सकन बसतात, कमी फुगले तर दगडासारखे होतात आणि कडेला चिरतात. तेल १९० अंशांच्या आसपास हवं. थंड तेलात डोनट तेल पितो आणि दुपारपर्यंत खोका तेलकट होतो. एक बाजू मिनिटभर, मग उलटायचा, आणि गरम असतानाच साखरेचा पाक. पहाटे पाचला दार उघडायचं. त्यांचे ते प्रसिद्ध गुलाबी खोकेसुद्धा पांढऱ्यापेक्षा स्वस्त पडायचे म्हणून घेतलेले.

भांडवल बँकेकडून येत नसे. कंबोडियनांमध्ये ‘तोंगतिन’ चालते. नाव फ्रेंचांकडून आलेलं, पण चीज आपली भिशीच. पंधरा-वीस जण दरमहा ठरलेली रक्कम टाकतात, ज्याला निकड असेल तो जास्त सूट सोडून आधी उचलतो. धोकाही भिशीचाच: आधी उचलणारा गाव सोडून गेला तर दाद मागणार कुठे? सगळं तोंडी. म्हणून भिशी चालवणारी बाई माणूस पारखूनच घेते. दुकानाच्या या कमाईत आरोग्यविमा नव्हता, सुट्टी नव्हती, आणि मुलांची झोप मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांवर व्हायची.

सामाजिक स्थितीकडे वळलो की उत्पन्नाचा तक्ता तोकडाच पडतो. २००५ साली लाँग बीचमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ख्मेर रूजचा काळ भोगलेल्या, ३५ ते ७५ वयाच्या ४९० कंबोडियनांना तपासलं. येऊन वीसेक वर्षं झाली होती, तरी ६२ टक्क्यांना आघातानंतरचा मानसिक ताण आणि ५१ टक्क्यांना नैराश्य होतं. हे लोक डॉक्टरकडे जाऊन ‘मन बिघडलंय’ असं म्हणत नाहीत. म्हणतात, अंगातला वारा वर चढला, मान ताठली, कानात घुंई वाजतंय, आता जीव जाणार. याला ते ‘ख्याल’ म्हणतात, ख्याल म्हणजे वारा. घरची माणसं पाठीवर तेल चोळून नाण्याच्या कडेनं लाल वळ उठेस्तोवर घासतात. वात शब्द वापरणाऱ्या आपल्याला हे चटकन कळतं. अमेरिकी डॉक्टर मात्र आधी हृदयाच्या तपासण्या करत बसले, आणि मुलांच्या पाठीवरचे वळ पाहून शाळांनी मारहाणीचा संशय घेतला, असंही घडलं. दुभाषा म्हणून घरातलंच दहा वर्षांचं पोर बसवलं की गोष्ट आणखी बिघडते. आपल्या पोरासमोर कोणती आई छळाची हकीकत सांगेल?

याच वस्त्यांमधली काही मुलं टोळ्यांत गेली, शिक्षा झाल्या. १९९६ च्या कायद्यानं अशा गुन्ह्यांवर हद्दपारी सोपी केली आणि २००२ मध्ये कंबोडियानं माणसं परत घ्यायचा करार केला. थायलंडच्या छावणीत जन्मलेल्या, कंबोडिया कधीही न पाहिलेल्या माणसांनाही ‘परत’ पाठवलं गेलं. शिक्षेच्या जोडीला कारण एकच: नागरिकत्वाचा अर्ज आईवडिलांनी वेळेवर केला नव्हता.

लेबनीज मात्र सगळे सुखात आहेत, असंही समजू नका. १९७५ ते १९९० च्या यादवीत आणि इस्रायलच्या १९७८ आणि १९८२ च्या आक्रमणांत दक्षिण लेबनॉनमधले शिया शेतकरी डिअरबॉर्नला आले, फोर्डच्या रूज कारखान्याच्या आसऱ्याला. बिंत जुबैल या एका गावाची मोठी वस्ती तिथं आहे. यांची अवस्था त्या ओहायोतल्या वकिलाशी मुळीच जुळत नाही, पण सरासरीत दोघं एकच. २००१ नंतर लेबनॉनमधून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पुरुषांना सरकारदरबारी खास नोंदणी करावी लागली. कागदावर गोरा आणि विमानतळावर संशयित, असा दुहेरी जाच. गोरे म्हणून मोजल्यानं त्यांच्या आजारांचे, बेकारीचे वेगळे आकडेही मिळत नाहीत. २०२० मध्ये लोकांना मूळ लिहायची जागा मिळाली तेव्हा सुमारे ६ लाख ८५ हजार लेबनीज पुढे आले आणि डिअरबॉर्नची निम्म्याहून जास्त वस्ती मध्यपूर्वेची निघाली. वेगळा रकाना ठेवायचं सरकारनं ठरवलं ते मार्च २०२४ मध्ये.

ज्यांना अजूनही रक्तातल्या व्यापाराचं कौतुक आहे त्यांनी सिडनी पाहावं. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियानं लेबनीजांसाठी नियम सैल केले. उत्तर लेबनॉनच्या खेड्यांतून माणसं आली आणि पश्चिम सिडनीच्या कारखान्यांत लागली. काही वर्षांनी कंबोडियनही कॅब्रामाटाच्या बाजूला आले. मग कारखाने बंद पडत गेले. १९९० च्या दशकात तिथं दोन्ही समाजांची बेकारी देशाच्या दुपटीहून जास्त होती. तेच लेबनीज, पण पेटी पाठीला बांधून हिंडायचा काळ सरलेला आणि हातातलं काम गेलेलं.

इकडे अमेरिकेत कंबोडियनांची गरिबी आता देशाच्या सरासरीच्या आसपास आली आहे, पदवीधरांचं प्रमाण साधारण पाचांत एक. दक्षिण कॅलिफोर्नियातली काही डोनटची दुकानं मात्र विकायला निघाली आहेत. मुलगी फार्मसिस्ट झाली, रात्री एकला उठून पीठ मळणार कोण? पुढच्या तक्त्यात कंबोडियनांच्या स्वतंत्र व्यवसायाचा आकडा खाली गेलेला दिसेल, आणि कुणीतरी त्याला घसरण म्हणेल.