प्लेटलेट जातात कुठे?

जुलै महिना. लालबागची एक चाळ. गॅलरीतले कपडे तीन दिवस झाले तरी ओलेच. आत सतरा वर्षांची मुलगी सलवार गुडघ्यापर्यंत सारून बसलीय. नडगीवर बारीक लाल ठिपके. डास चावल्यासारखे, पण खाज नाही. बोटाने दाबलं तरी फिके पडत नाहीत. सकाळी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं होतं.

रिपोर्ट सांगतो, प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, फक्त 9 हजार. हव्यात निदान दीड लाख.

पावसाळ्यातल्या मुंबईत याचा अर्थ एकच, डेंग्यू! शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन हजर, मामा डोनरसाठी फोनवर. पण ताप नाही, डेंग्यूची टेस्टही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात, आयटीपी. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट संपवते असा आजार.

डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढी प्लीहा असते. जुनी माणसं तिला पांथरी म्हणतात. रक्त तिच्यातून गाळलं जातं आणि तिथे बसलेल्या मॅक्रोफेज पेशी जुन्या, थकलेल्या पेशी गिळतात. एखाद्या पेशीच्या अंगाला अँटिबॉडी, म्हणजे शत्रूवर खूण करणारं प्रथिन, चिकटलेली दिसली की त्या फार चौकशी करत नाहीत, गिळतात. आयटीपीत ही अँटिबॉडी धडधाकट प्लेटलेटला चिकटते. ही अँटिबॉडी बनवतात प्लाझ्मा पेशी, ज्या बी पेशी या पांढऱ्या पेशींपासून तयार होतात. गंमत म्हणजे, मॅक्रोफेज गिळलेल्या प्लेटलेटचे तुकडे टी पेशींना, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाखवते, त्या पुन्हा बी पेशींना चेतवतात. यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी इथे कमी पडतात. आठ-दहा दिवस जगणारी प्लेटलेट मग काही तासांत संपते.

मामाने धावपळ करून आणलेली प्लेटलेटची पिशवीही म्हणून टिकत नाही. जिवावरचा रक्तस्राव असेल, तरच ती सहसा चढवतात.

हे कळलं कसं? 1950 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला चढवून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, आकडीही आली. वेडं धाडस, आज कुठलीही समिती परवानगी देणार नाही. पण दोष रुग्णाच्या रक्तातल्याच कशात तरी आहे, हे त्यातून दिसलं.

मुलीला स्टेरॉइड सुरू झालं. नाहीच भागलं तर बी पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब आहे, प्लेटलेटचं उत्पादन वाढवणाऱ्या गोळ्या आहेत, अगदी शेवटी पांथरी काढणंही.

आठव्या दिवशी प्लेटलेट 38 हजार. ठिपके तपकिरी पडलेत. काकूंना वाटतंय, त्यांचा रस लागू पडला. मुलीने तो खिडकीतल्या तुळशीला घातला होता.