बँकॉकला जाताना शेव न्यावी का?

(इंदूरमधल्या ज्येष्ठ मराठी मंडळींच्या एका संध्याकाळच्या बैठकीतलं बोलणं, थोडं संपादन करून.)

मंडळी, बँकॉकला जाऊन आलो असं आपल्या इंदूरच्या राजवाड्यावर कुणाला सांगितलं की समोरचा आधी डोळे मिचकावतो आणि मग हळूच विचारतो, "वहिनी बरोबर होत्या ना?" होत्या. दोन्ही खेपांना होत्या, आणि दोन्ही खेपा टूरवाल्यांशिवाय. पहिल्यांदा फसून आलो, दुसऱ्यांदा फिरून आलो.

कागदपत्रांचं पटकन उरकतो. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. तिकीट काढताना थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, माझ्यावर विसंबू नका. १ मे २०२५ पासून परदेशी पाहुण्यांना डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट बनावट समजा.

विमानतळाचं नावच सुवर्णभूमी. आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. हिने तिथेच नमस्कार केला. खालून रेल्वे निघते, अर्ध्या तासाच्या आत शहरातल्या फया थाई स्टेशनला सोडते. तिथे बीटीएस मिळते, म्हणजे डोक्यावरून धावणारी गाडी. जमिनीखालून धावते ती एमआरटी. एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही, हे आम्हाला फाटकात अडकल्यावर कळलं. सामान फार असेल तर टॅक्सी करा: यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, मीटर ३५ बाटपासून, विमानतळाचे वर ५० बाट, टोल आपला. मीटर टाकत नसेल तर उतरायचं. रिक्षावाल्याशी हुज्जत घालायचा सराव आपल्याला आहेच.

आता फसलो ते सांगतो. तिथल्या राजवाड्याच्या, म्हणजे ग्रँड पॅलेसच्या भिंतीशी उभे होतो. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सज्जन गृहस्थ आला. "आज पूजा आहे, दुपारपर्यंत बंद," म्हणाला. तोवर तीन देवळं दाखवायला टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, बोलावली, भाडं जवळजवळ नाहीच. पहिलं देऊळ खरं होतं. दुसऱ्या थांब्याला रत्नांचं दुकान, थंडगार सरबत, आणि एक तास. हिच्या बोटात नीलमची अंगठी आली. इंदूरला परतल्यावर सराफ्यात दाखवली, तर सराफाने ती तोललीसुद्धा नाही, आमच्यासाठी चहा मागवला! राजवाडा त्या दिवशी उघडाच होता. तेव्हा रस्त्यात कोणी कितीही गोड बोलो, खिडकीपर्यंत चालत जायचं. तिकीट ५०० बाट, विक्री दुपारी साडेतीनला बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेसुद्धा. नातवाची हाफपँट चालणार नाही.

खरं तर त्या भागात टुकटुक लागतच नाही. बीटीएसने सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथॉर्नचा धक्का आहे. तिथून चाओ फ्रया नदीतली केशरी झेंड्याची बोट घ्या. रिकामी टूरिस्ट बोट आपल्याला हाका मारत असते, केशरीवाली मात्र गच्च भरून येते आणि धक्क्याला लागते-न-लागते तोच सुटते. गुडघे दुखणाऱ्यांनी धक्क्यावर रांगेत पुढेच उभं राहावं. 'था चांग' धक्क्याला उतरलात की राजवाडा जवळच. था तियनला उतरलात की वाट फो, तिथे ४६ मीटर लांब पहुडलेले बुद्ध. पावलांवरचं शिंपल्याचं काम बघायला मागच्या टोकापर्यंत जा. बरेच लोक चेहऱ्याचा फोटो काढून परततात. बुद्धमूर्तीकडे पाय करून मात्र बसू नका.

आता खाणं, ज्यासाठी तुम्ही निम्मे जण आलात. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. भाजी म्हणून आली त्यात नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, असतंच; आमटीच्या वाटणात कोळंबी, पपईच्या कोशिंबिरीत सुकट. दोन शब्द पाठ करा. पहिला, मंगसविरत. ओळखीचा वाटला ना? मांसविरती, आपलाच शब्द. पण त्यात अंडं येऊ शकतं, म्हणून जोडीला म्हणा "माय साय खाय", अंडं घालू नका. थाईत 'खाय' म्हणजे अंडं. "खाय, खाय" असा आग्रह तिथे चुकूनही करू नका. दुसरा शब्द जास्त कामाचा: 'जे'. पिवळ्या झेंड्यावर त्याचं लाल अक्षर लटकलेलं दिसलं की त्या गाडीवर मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्या काकूंनी निर्धास्त जेवावं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हे 'जे'चं व्रत असतं, बहुतेकदा आपल्या नवरात्राच्या सुमारास, तेव्हा यावरातचा चिनी बाजार पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. शक्य असेल तर तेव्हाच जा. फक्त चहा दुधाशिवाय मिळेल.

खाण्याच्या पाकिटावरच्या तारखेत २५६८ दिसलं तर दचकू नका. त्यांचं बुद्धवर्ष आपल्या इंग्रजी सनाच्या ५४३ पुढे, म्हणजे ते २०२५. हिने दह्याचा डबा बराच वेळ हातात धरून वजाबाकी केली होती.

आणि हो, मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे: शेव न्यावी का? आम्ही दोन किलो नेली, लवंगवाली. कोणी अडवलं नाही. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या मुलीला चाखायला दिली, चौथ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. तेव्हा दोन नको, तीन किलो न्या.