पडवीतलं हसू, माजघरातला काळोख

(दृश्य : सकाळ. आरवलीच्या वेतोबाचं देऊळ. कॅमेरा चपलांच्या जोडांवर थांबतो.)

या चपला बघा. जाड चामड्याच्या, माणसाच्या पायाला कितीतरी मोठ्या. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीत वेतोबाला नवस फेडायचा तर केळ्यांचा घड ठेवतात आणि चपलांचा जोड वाहतात. देव रात्रभर गावाच्या राखणीला फिरतो, त्याच्या चपला झिजतात, असं इथलं लहान पोरही सांगेल. दिवसा गाभाऱ्यात उभा असणारा देव रात्री आपल्या दारावरून जातो, हे ज्या गावात कुणाला नवल वाटत नाही, त्या गावच्या एका लेखकाची ही गोष्ट आहे.

जयवंत दळवी. जन्म १४ ऑगस्ट १९२५, गोव्यातल्या हडफड्याचा. पण गाव म्हणाल तर आरवलीच. पुढे सगळं आयुष्य मुंबईत गेलं, नोकऱ्या मुंबईत झाल्या, नाटकं मुंबईत उभी राहिली. तरी दळवींचं पान कुठलंही उघडा, दोन-चार पानांत आरवलीची लाल माती हाताला लागते.

(दृश्य : शिरोड्याची मिठागरं. मग बाजारात सुरंगीच्या वेण्या.)

आरवलीला खेटून शिरोडा. इथल्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. इथल्याच शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून अठरा वर्षं मास्तर होते. दक्षिणेला तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. मार्च-एप्रिलमध्ये या वाटेनं या. झाडावर चढून भल्या पहाटे काढलेल्या सुरंगीच्या कळ्या, त्यांच्या वेण्या घेऊन बसलेल्या बायका, आणि एस्टीत कुणी एकीनं वेणी माळली असली तर शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो वास. एवढ्याशा टापूत देव, मीठ, साहित्य आणि फुलं एकमेकांना धरून राहतात. माणसंही तशीच, एकमेकांच्या घरात डोकावत.

(दृश्य : एक जुनं कौलारू घर. खळं, पडवी, मग आतला अंधार.)

कोकणातलं जुनं घर ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. पुढे सारवलेलं खळं. मग पडवी. पडवीत बाकडं, पानाचा डबा, आल्यागेल्याच्या चौकश्या, भावकीतल्या भांडणांच्या हकिकती आणि मोठ्यानं हसणं. तिथून उंबरा ओलांडून आत गेलात की माजघर. भर दुपारीही काळोख. डोळे सरावायला वेळ लागतो. मग कळतं, कोपऱ्यात कुणीतरी बसलंय. पांढऱ्या कपाळाची कुणी आत्या. कधी, ज्याच्याबद्दल पडवीत कुणी अवाक्षर काढत नाही, असा डोक्यानं अधू झालेला काका.

मराठीत पडवीवर लिहिणारे लेखक खूप झाले. माजघरावर लिहिणारेही झाले. दळवींनी दोन्ही लिहिलं, आणि मधल्या उंबऱ्यावर न अडखळता लिहिलं. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण इथे आहे.

पडवीतले दळवी म्हणजे ‘सारे प्रवासी घडीचे’. साल १९६४. गावातली तऱ्हेवाईक माणसं, त्यांच्या खोड्या, त्यांची मरणं. मी शाळेत असताना सुट्टीत आजीला हे पुस्तक वाचून दाखवत असे. ती सुपात कुळीथ घेऊन बसलेली असायची. एकेका माणसाचं वर्णन आलं की सूप थांबायचं आणि आजी म्हणायची, “अरे, हो तर आमच्या वाडीतलोच!” आमची वाडी आरवलीपासून बरीच लांब. तरी प्रत्येक माणूस तिच्या ओळखीचा निघायचा. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी यायचं आणि पदरानं डोळे पुसून ती पुन्हा खडे वेचायला लागायची.

याच काळात मुंबईत आणखी एक गंमत चालली होती. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ नावाचा कुणी इसम दर महिन्याला साहित्यातल्या भल्याभल्यांच्या टोप्या उडवत होता. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांनी त्याला चेहरा दिला. अंक आला की आधी ते पान उघडायचं, अशी कित्येक वाचकांची सवय झाली होती. त्या नावामागे दळवी होते. वृत्तपत्रातल्या उमेदवारीनंतर अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करणारा हा माणूस दिवसभर कचेरीत बसायचा, पुस्तकांच्या जगात वावरायचा आणि त्या जगाचा फुगा हलक्या हातानं फोडायचा. वर्मी लागेल असं लिहूनही माणसं तोडली नाहीत. ज्यांना चिमटे काढले त्यांच्याशी मैत्री राहिली. हे जमायला मन फार स्वच्छ लागतं.

(दृश्य : मुंबई. रेल्वेमार्गालगतच्या झोपड्या. आवाज थोडा खाली.)

आणि आता हे पाहा. ज्या हातानं हे विनोद लिहिले, त्याच हातानं १९६३ साली ‘चक्र’ लिहिली. मुंबईतली झोपडपट्टी, तिथली आई, तिचा बेन्वा नावाचा मुलगा, आणि त्यांच्या भोवती फिरत राहिलेलं चक्र. भूक, शरीर, पोलीस, पुन्हा भूक. दया दाखवणारं एक वाक्य नाही. मराठी मध्यमवर्गीय वाचकाला हे पुस्तक मिटून बाजूला ठेवता आलं नाही, कारण दळवी त्याला त्या वस्तीत पाहुणा म्हणून नेत नाहीत. दार बंद करून तिथेच ठेवतात.

रवींद्र धर्मराज यांनी त्यावर हिंदी सिनेमा केला. तो १९८१ साली आला. स्मिता पाटीलला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात सिनेमानं ‘सुवर्ण बिबट्या’ हा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. धर्मराज यांचा हा एकच कथापट. त्याच वर्षी ते गेले.

दळवींच्या गोष्टींचा हा प्रवास मला फार विचार करण्यासारखा वाटतो. त्यांची गोष्ट एका घरात स्वस्थ बसत नसे. ‘महानंदा’ ही देवळाशी बांधल्या गेलेल्या कुळातल्या मुलीची कादंबरी. शं. ना. नवरे यांनी तिचं नाटक केलं, ‘गुंतता हृदय हे’. ‘अथांग’ ही दळवींची कादंबरी, तिच्यातून त्यांनीच ‘महासागर’ उभं केलं. आणि ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीतून आलं ‘बॅरिस्टर’.

(दृश्य : रिकामा रंगमंच. मधोमध एक झोपाळा.)

‘बॅरिस्टर’वर थांबायलाच हवं. १९७७ साल. दिग्दर्शन विजया मेहता यांचं, बॅरिस्टर विक्रम गोखले. विलायतेहून शिकून आलेला, नव्या विचारांचा, रसिक माणूस. जुन्या वाड्यात राहतो. घरात केशवपन केलेली, आलवणातली मावशी. भाडेकऱ्याची तरुण बायको राधाक्का विधवा होते, तिचेही केस उतरवायची तयारी सुरू होते, आणि बॅरिस्टर तिच्या पाठीशी उभा राहतो. ती धीर धरते, वाढते, एक दिवस त्याच्याकडे हात पुढे करते. आणि तोच मागे सरतो. त्याच्या घराण्यात वेड आहे. आपल्या रक्तातही ते आहे, या धास्तीनं तो आतून पोखरला गेलाय. दुसऱ्याला माजघरातून बाहेर काढणारा माणूस स्वतः तिथेच अडकून राहतो.

कादंबरीत ही धास्ती वाचताना आपण बॅरिस्टरच्या डोक्यात असतो. नाटकात आपण प्रेक्षागृहात असतो आणि त्याला काय होतंय हे समोरच्या माणसांच्या आधी आपल्याला कळत असतं. तो त्रास वेगळा. विजयाबाईंनी पुढे यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी सिनेमा केला. अनुपम खेर, तन्वी आझमी, आणि मावशी स्वतः विजयाबाई. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमात वाड्याच्या भिंती दिसतात, जिने दिसतात. मला विचाराल तर तिन्हींत नाटक सरस. दळवींचा खरा जीव संवादात. त्यांची माणसं कोकणातल्या माणसांसारखी, महत्त्वाचं सोडून बाकी सगळं बोलतात. ते न बोललेलं नटाच्या अंगातून यावं लागतं.

वेडी माणसं, अर्धवट माणसं, वासनेनं हैराण झालेली माणसं दळवींच्या लेखनात पुन्हा पुन्हा येतात. काहींना ते अति वाटलं. पण ज्यानं लहान गावात दिवस काढलेत त्याला माहीत असतं, की असा एखादा माणूस प्रत्येक वाडीत असतो, त्याला जेवायला वाढलं जातं आणि पाहुणे आले की आत नेऊन बसवलं जातं. दळवींनी त्याला पडवीत आणून बसवलं. त्यात कुत्सितपणा नव्हता, जिव्हाळा होता. मतिमंद मुलाच्या आईवडिलांवरचं ‘नातीगोती’ वाचा, म्हणजे खात्री पटेल.

आणि ज्यांना वाटत होतं की दळवी फक्त हळवे, त्यांना १९८२ साली ‘पुरुष’ या नाटकानं गप्प केलं. सत्तेच्या मस्तीतला गुलाबराव झाला होता नाना पाटेकर, आणि त्याच्या अत्याचाराला आपल्या हातांनी उत्तर देणारी अंबिका म्हणजे रीमा. अंबिकेचा बाप गांधीवादी मास्तर. त्याचा अवघा विश्वास आपल्या डोळ्यांसमोर विरघळत जातो, ते अंबिकेच्या सूडाइतकंच जिव्हारी लागतं.

१६ सप्टेंबर १९९४ ला दळवी गेले. त्यानंतर दहा वर्षांनी त्यांच्या ‘दुर्गी’ नाटकावर बिपिन नाडकर्णी यांनी ‘उत्तरायण’ सिनेमा केला. उतारवयात पुन्हा भेटलेली दोन माणसं, शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट लेखकामागेही चालत राहिली.

(दृश्य : संध्याकाळ. एकामागून एक कुलूपबंद घरं. मग उजेड असलेलं एक घर.)

एक नाटक मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. ‘संध्याछाया’, १९७३. नाना आणि नानी. एक मुलगा परदेशी, एक सैन्यात. घरात दोघंच, आणि वेळ. चुकून दारात आलेल्या माणसालाही ही दोघं सहजी जाऊ देत नाहीत. रंगमंचावर नाना होते माधव वाटवे आणि नानी विजयाबाई. घर मुंबईतलं. पण मनीऑर्डरीवर चालणाऱ्या आणि गणपतीला तेवढ्या उघडणाऱ्या कोकणातल्या घरांना ही दोन म्हातारी माणसं कुणी समजावून सांगायला नको होती.

हेही मी आजीला वाचून दाखवायला घेतलं होतं. तोवर आजोबा गेले होते, आणि काका-आत्या सगळे मुंबईत होते. सुरुवातीला ती हसली. नाना-नानी एकमेकांशी भांडतात तिथे चांगलीच हसली. मग हळूहळू गप्प झाली. सूप मांडीवर तसंच. शेवटाकडे आलो तसा तिनं हात वर केला.

“फुडचा मनात वाच,” म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.