ढोलकी, पेटी आणि पत्र्याचं छप्पर

मंडळी, सलाम. विषय आहे ‘उपासनेतली वाद्यं आणि आपली आवडनिवड’, म्हणजे चर्चमध्ये काय वाजवावं आणि काय नको. चाळीस मिनिटं मिळणार होती, त्यातली पंधरा हारतुऱ्यांत गेली. चालायचंच.

आधी एक किस्सा सांगतो. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, सुगीचा सण. देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, भाताच्या लोंब्या, नारळ, पाय बांधलेल्या कोंबड्या. मी बारा वर्षांचा, शेजारच्या आळीतून ढोलकी मागून आणलेली. पहिल्याच गीताला थाप मारली, तसे आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे पंच, उठून उभे. “काय वाजवालाईस रे? देऊळ हाय का तमाशाचा फड? पेटी हाय की! पेटी आपली.” गीत थांबलं. कोंबड्या तेवढ्या गात राहिल्या.

पेटी आपली! अहो, 1840च्या आसपास पॅरिसच्या देबेननं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनऱ्यांबरोबर ती इकडं आली, पायानं भाता मारायची. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातभात्याची केली. पुढं 1940 साली रेडिओनं तिला परकी ठरवून बंदी घातली. ती तीसेक वर्षं टिकली. म्हणजे रेडिओला जी परकी, ती त्या पंच वडिलांना आपली. बेळगावात तर तिला परकी म्हणायची सोयच नाही, रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकून इथले कान तयार झालेत. (मागं कुणीतरी मान हलवतंय. शिष्य दिसताय.)

पन्नास वर्षांनी त्या वडिलांच्या खुर्चीत मी बसलो. तरुण संघानं वर्गणी काढून ड्रमसेट आणला, पेटी गेली जिन्याखाली. पहिल्याच रविवारी मी उठलो आणि म्हणालो, “हे देवाला आवडत नाही.” एका पोरानं शांतपणे बायबलातलं 150वं स्तोत्र उघडलं आणि वाचलं. त्यात डफ आहे, शिंग आहे, तंतुवाद्यं आहेत, आणि झांजा तर दोनदा, त्याही मोठ्या आवाजाच्या! माझी तक्रार नेमकी झांजांचीच होती. मी म्हटलं, “अरे, ते यरुशलेम. इथं वर पत्र्याचं छप्पर आहे.” सगळे हसले. पण खरं कारण तेच होतं. मला कान फाटल्यासारखं व्हायचं, आणि मी नाव देवाचं पुढं केलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतात. म्हणजे पाच, कारण महिला मंडळाची भजी गार होतील. बरं, मुद्दे पटापट घेतो.

शेवटच्या भोजनानंतर प्रभू येशू आणि शिष्य गीत गाऊन बाहेर पडले. वाद्याचा उल्लेख नाही. त्यावरून बिनवाद्याचं गाणाऱ्या मंडळ्या आजही आहेत. ऑर्थोडॉक्स परंपरेतही मुख्यतः गळाच. धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात ऑर्गन गप्प झाला. 1903 साली दहाव्या पायस पोपनी चर्चमध्ये पियानोला मनाई केली, ढोल-झांजांनाही. साठ वर्षांनी, 1963 साली, व्हॅटिकन परिषदेनं ऑर्गनचा मान ठेवून इतर योग्य वाद्यांना दार उघडलं. आमच्या मेथडिस्ट पंथाचे संस्थापक वेस्ली यांच्या नावावर तर असं सांगतात की वाद्यं खुशाल असोत, फक्त ती दिसू नयेत आणि ऐकू येऊ नयेत! आता यातलं देवाचं मत कुठलं?

बायबलातल्या आमोसाच्या पुस्तकात देव वीणा ऐकायची नाही म्हणतो. पण तिथं राग वीणेवर नाही, वेशीत न्याय विकला जातो त्यावर आहे.

आवड असावी. ना. वा. टिळकांचे अभंग ऑर्गनवर घेतले की मला कोट घातलेल्या शेतकऱ्यासारखे अवघडलेले वाटतात. टाळ-ढोलकीवर ते मोकळे चालतात. हे मत माझं, शास्त्राचं नव्हे. कन्नड भक्ती, म्हणजे उपासना, आटोपून मराठी भक्ती सुरू होते तेव्हा तबला तोच असतो; त्याची भाषा अजून कुणी विचारली नाही, हे या जिल्ह्यात नवलच.

माझी कसोटी एवढीच. दुसऱ्या कडव्याला वाजवणाऱ्यांनी हात उचलावेत. मंडळी गात राहिली तर वाद्य पास, मग ते कुठलंही असो. आमच्याकडं करून बघितलं. ड्रमसेट पहिल्या रविवारी नापास, तिसऱ्या रविवारी पास. पोरांनी काठ्यांना फडकं गुंडाळलं होतं.

जिन्याखालची पेटी मात्र तिथंच आहे, भाता उंदरांनी खाल्लाय. चांगला दुरुस्त करणारा माहीत असेल तर भजी खाताना सांगा.